लहान विमानातला हीटर: आपल्याकडे अडगळ की गरज?

खाडीपल्याड (ऐरोली)

काथ्याकुटाला विषय टाकतोय. सेसना १५२, १७२, पायपर आर्चर ही सगळी अमेरिकेत घडलेली विमानं. पॅनलवर 'केबिन हीट'चा नॉब हमखास असतो, एसीचं बहुतेक वेळा नावही नसतं. मे महिन्यात धुळ्याला पारा ४२ वर आणि विमानात सोय कसली, तर हीटरची! माझं म्हणणं असं की आपल्या हवेत हा हीटर अडगळ आहे. तो काढावा आणि तेवढ्या वजनात गारव्याचं काहीतरी बसवावं. जाणकारांनी सांगावं, अडतं कुठे? पैशांत, वजनात की कागदपत्रांत?

फायरवॉल (कोपरी)

तिन्हींत. पण आधी हे बघा की काढण्यासारखा 'हीटर' नावाचा वेगळा डबा तिथे नसतोच.

गाडीत इंजिनचं गरम पाणी हीटरच्या छोट्या रेडिएटरमधून फिरतं. सेसनातलं लायकॉमिंग इंजिन हवेवर थंड होतं, त्यात पाणीच नाही. मग उष्णता घ्यायची कुठून, तर एक्झॉस्टमधून. मफलरभोवती स्टेनलेस पत्र्याचं आवरण बसवलेलं असतं, त्याला श्राउड म्हणतात. पुढून येणारी ताजी हवा श्राउड आणि मफलर यांच्या फटीतून जाते, मफलरच्या अंगाला घासून तापते आणि नारिंगी स्कॅट होजमधून (लवचिक नळीतून) फायरवॉलवरच्या, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या भिंतीवरच्या, झडपेपाशी येते. 'केबिन हीट' ओढला की झडप उघडते आणि हवा आत येते. नॉब आत ढकललेला असला तरी हवा श्राउडमधून वाहत असतेच, फक्त ती झडपेवरून वळून काउलिंगमध्ये (इंजिनवरच्या झाकणाच्या आत) सोडली जाते.

'केबिन एअर' हा दुसरा नॉब थंड हवेचा. दोन्ही हवा पायांच्या पुढच्या मॅनिफोल्डमध्ये (हवा वाटणाऱ्या नळीत) मिसळतात. तिथून काही भोकांतून पुढच्यांच्या पायांवर, एक नळी विंडशील्डला, आणि दोन नळ्या दोन्ही बाजूंनी दाराच्या खांबाशी जमिनीलगत, मागच्यांसाठी. मागच्यांना ऊब कमी पोचते ती म्हणूनच. थोडीच ऊब हवी तर हीटचा नॉब पाव ते अर्धा इंच ओढायचा, बाकी मिश्रण एअरच्या नॉबने जमवायचं.

थोडक्यात, मफलर काढता येत नाही आणि उरलेला पत्रा, होज, झडप मिळून वजन म्हणाल तर चिमूटभर. त्या वजनात एसी सोडा, एसीचा कंडेन्सरसुद्धा (उष्णता बाहेर टाकणारी जाळी) येणार नाही.

कळवा_फास्ट

टीएमटीच्या बसमध्येही हीटर असतो. फक्त त्याचा नॉब ड्रायव्हरलाही सापडलेला नाही.

मानसी_पनवेल

खाडीपल्याड, 'आपल्याकडे गरज नाही' हेच मुळात पटत नाही. दर हजार फुटांना तापमान साधारण २ अंशांनी उतरतं. जानेवारीत पहाटे नाशिक-धुळ्याकडे जमिनीवर १० अंश असेल तर ८००० फुटांवर शून्याच्या खाली. दाराच्या फटीतून झोत येतो तो वेगळाच.

आणि पावसाळा? ओल्या कपड्यांचे दोघे आत बसले, दार लावलं, पाऊस पडतोय, की काच आतून धुरकटते. फडक्याने पुसलं तर पुन्हा दोन मिनिटांत तेच. त्या वेळी डिफ्रॉस्ट (काचेवरचा हवेचा झोत) उघडून हीट आणि एअर दोन्ही ओढायचे. कोरडी-गरम हवा काचेवर फिरली की धुकं जातं. एकटी थंड हवा दमट दिवशी पुरत नाही. मान्सूनमध्ये हीटर हे चैनीचं नाही, दिसण्याचं साधन आहे.

खाडीपल्याड (ऐरोली)

काचेचा मुद्दा वजनदार आहे, त्यावर वाद नाही. पण मग कार्ब हीटही त्याच श्राउडमधून येते ना? म्हणजे एक काढलं की दुसरंही गेलं?

मानसी_पनवेल

हवा तापवायची रीत तीच, वाट वेगळी. कार्ब हीटची गरम हवा कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या) तोंडाशी जाते, केबिनमध्ये नाही. दोघांची गल्लत करू नका. कार्ब्युरेटरात पेट्रोलची वाफ होताना आणि हवा अरुंद वाटेतून जाताना तापमान २०-३० अंशांनी पडू शकतं. त्यामुळे बाहेर २५ अंश आणि दमटपणा भरपूर, म्हणजे आपली कोकणपट्टी, अशा हवेत कमी पॉवरवर उतरताना आत बर्फ धरतो. १७२एस मध्ये फ्युएल इंजेक्शन आहे, तिथे कार्ब हीटचा नॉब मिळणार नाही. जुन्या १७२ आणि १५२ मध्ये आहे.

वागळे_इस्टेट_टन

एसीकडे वळू. रेफ्रिजरेशनच्या बाजूने हिशेब मांडतो.

पार्क केलेल्या विमानात मोठा शत्रू ऊन. प्लेक्सिग्लासमधून भर दुपारी दर चौरस मीटरला ८००-९०० वॉट आत येतात. काच दीड-दोन चौरस मीटर उन्हाकडे असेल तर तिथेच दीड किलोवॉट. चार माणसं, प्रत्येकी १०० वॉट. शिवाय बाहेरची ४० अंशांची दमट हवा गळतीने आत येते, तिच्यातला ओलावा काढायलाही ताकद लागते. एकूण अडीच-तीन किलोवॉट कूलिंग धरा. घरचा १ टनी एसी ३.५ किलोवॉटचा असतो. म्हणजे चारचाकीपेक्षा छोट्या डब्याला जवळजवळ बेडरूमचा एसी.

आता वीज. बहुतेक १७२एस ना २८ व्होल्ट, ६० अँपिअरचा अल्टरनेटर, म्हणजे सगळे मिळून १६८० वॉट. त्यातच रेडिओ, स्क्रीन, दिवे, पिटो हीट (वेग मोजणाऱ्या पिटो नळीची ऊब), बॅटरी चार्जिंग. तीन किलोवॉट कूलिंगला कंप्रेसर आणि दोन पंखे मिळून सव्वा ते दीड किलोवॉट खातील. बसत नाही. म्हणून कंप्रेसर इंजिनला पट्ट्याने जोडावा लागतो, गाडीसारखा, आणि तो ३ ते ५ अश्वशक्ती खातो. १८० अश्वशक्तीच्या इंजिनाला ते झेपतं. १५२ च्या ११० मध्ये, तेही ४२ अंशांत? पायलटला गारवा, विमानाला घाम.

फायरवॉल (कोपरी)

टनभाऊंच्या हिशेबात एक भर. धुळ्याची उंची सुमारे २५० मीटर. ४२ अंशांत तिथली डेन्सिटी अल्टिट्यूड (हवेच्या विरळपणावरून ठरणारी उंची) सव्वाचार हजार फुटांच्या घरात जाते. इंजिनला आणि पंखांना वाटतं आपण डोंगरावरून उडतोय. एसीची सगळ्यात जास्त गरज असते नेमकी तेव्हाच विमानाची ताकद सगळ्यात कमी.

पायपरने आर्चरमध्ये एसीचा पर्याय दिला तेव्हा हा पेच ओळखूनच रचना केली. पट्ट्यावर चालणारा कंप्रेसर, पोटाखाली कंडेन्सर, आणि तो हवेत उघडणारं एक सरकतं दार. एसी चालू केला की दार खाली येतं. थ्रॉटल पूर्ण पुढे गेला की एक मायक्रोस्विच कंप्रेसरचा क्लच सोडतो आणि दार आत ओढून घेतो. टेकऑफच्या वेळी एसी आपोआप बंद. ते दार अडकून उघडं राहिलं तर चढण्याचा वेग मिनिटाला १०० फुटांपर्यंत घटू शकतो, म्हणून पॅनलवर त्याचा दिवा आहे. टेकऑफआधी तपासायचं ते हेच: एसी चालू ठेवून थ्रॉटल पूर्ण दिला की दिवा विझतो का. न विझल्यास उड्डाण नाही, आधी मायक्रोस्विच आणि दाराची मोटर बघायची.

दिघा_ट्रान्सहार्बर

म्हणजे एसी लोकलसारखंच. गर्दी झाली की दार लागत नाही, दार लागलं नाही की गाडी हलत नाही.

सोल्डर_आणि_सर्किट (खारघर)

मला एक शंका. विमानाच्या एसीतला आर१३४ए गॅस गाडीतलाच आहे. मग तुर्भे एमआयडीसीतल्या कार एसीवाल्याकडून भरून घ्यायला काय हरकत?

वागळे_इस्टेट_टन

गॅस तोच, बाकी काहीच तेच नाही. कंप्रेसरचं तेल त्या यंत्राच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेलं, त्याच जातीचं आणि तेवढंच लागतं. चार्ज वजनाने भरायचा, गेजकडे बघून अंदाजाने नाही. उन्हात कंडेन्सिंग तापमान ६० अंशांवर गेलं की हाय साइडला (जास्त दाबाच्या बाजूला) १६ बारच्या आसपास दाब येतो. गॅस थोडा जास्त झाला तर हाय प्रेशर स्विच वारंवार तोडतो आणि लोक म्हणतात कंप्रेसर गेला.

गळती सापडते ती बहुतेक शाफ्ट सीलला आणि होजच्या जोडांना, कारण इंजिन रबरी माउंटवर हलतं आणि कंडेन्सर बॉडीवर स्थिर. आपल्या खाऱ्या हवेत कंडेन्सरच्या अ‍ॅल्युमिनियम पात्या पांढऱ्या पडून पिठासारख्या झडतात. गोड्या पाण्याने, कमी दाबाने धुवायच्या. प्रेशर वॉशर मारला तर पात्या आडव्या होतात आणि हवा जाणं बंद. इव्हॅपोरेटरच्या (आतल्या गार कॉइलच्या) पाण्याची ड्रेन नळीही बघा. ती तुंबली की पाणी गालिच्याखाली जातं आणि महिनाभराने वायरिंगच्या जोडांवर हिरवा थर दिसतो.

फायरवॉल (कोपरी)

आणि कामावर सही परवानाधारक एएमईची (विमान देखभाल अभियंत्याची) लागते. दुकानाच्या बिलावर विमान उडत नाही.

घोडबंदर_नाका

मग बर्फाचा डबा? परदेशात आइस चेस्टवाले कूलर मिळतात. बर्फ, पाण्याचा छोटा पंप, कॉइल, पंखा. ना कंप्रेसर, ना पट्टा.

वागळे_इस्टेट_टन

चालतो, पण हिशेब समजून. १ किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल खातो. १५ किलो बर्फ तासाभरात वितळवला तर सरासरी १.४ किलोवॉट, म्हणजे ०.४ टन. वितळलेलं पाणी १५ अंशांपर्यंत तापू दिलं तर आणखी पाचव्या हिश्श्याएवढं. म्हणजे टॅक्सी, रांगेत थांबणं आणि पहिले पाच हजार फूट यांना पुरेसं. त्यापुढे बाहेरची हवाच थंड असते. लहान विमानाला एसी हवा असतो तो जमिनीवरच्या वीस मिनिटांपुरता, हे बर्फवाल्यांनी बरोबर हेरलं.

अटी तीन. डबा पट्ट्याने बांधलेला. वजन बॅलन्सच्या कागदात धरलेलं, मागच्या सीटवर १५ किलो अधिक डबा म्हणजे सीजी (गुरुत्वमध्य) मागे सरकतो. आणि साधाच बर्फ. ड्राय आइस कधीही नाही, त्याचा कार्बन डायऑक्साइड बंद केबिनमध्ये साठतो.

मानसी_पनवेल

फुकटातला गारवाही सांगून ठेवते. विमान नाक वाऱ्याकडे करून उभं करा. १७२एस ची खिडकी १६३ नॉट्स वेगापर्यंत उघडी ठेवायला परवानगी आहे, म्हणजे टॅक्सीत तर बिनधास्त. विंडशील्डच्या वरच्या कोपऱ्यातले व्हेंट पंखांच्या मुळाशी हवा घेतात, उडायला लागल्यावर खरा वारा तिथूनच. आणि त्या व्हेंटच्या तोंडाशी पावसाळ्यानंतर टॉर्च मारून बघायचं. कुंभारीण माशी तिथे मातीचं घर बांधते. हवा येत नाही म्हणून लोक पॅनलखालची नळी उकलत बसतात, आणि चिखलाचा गोळा पंखात असतो. माशीच्या नजरेत पिटो ट्यूब हाही चांगला वन बीएचके आहे, तेव्हा पिटो कव्हर विसरू नका.

फायरवॉल (कोपरी)

आता ज्यासाठी हा धागा वाचायला हवा ते लिहितो, कारण वर सगळे हीटरकडे सुखसोय म्हणून बघताहेत. हीटर हा एक्झॉस्टचा भाग आहे. केबिनमधली माणसं आणि एक्झॉस्टचा धूर यांच्यात एका मफलरचा पातळ पत्रा. त्याला तडा गेला की कार्बन मोनॉक्साइड श्राउडमध्ये, तिथून थेट पायांवर. मफलर आणि हीट एक्स्चेंजर (एक्झॉस्टवर हवा तापवणारा भाग) यांच्या बिघाडांपैकी निम्म्याच्या आसपास बिघाड केबिन आणि कार्ब हीटच्या याच तापपृष्ठांवर होतात, असं अमेरिकेच्या एफएए या विमान नियामकाचं साहित्य सांगतं. कारण तापणं-निवणं. पत्रा लाल होतो, उतरताना एकदम थंड होतो, वेल्डच्या कडेला चीर पडते.

तपासणी अशी. १०० तासांच्या कामात श्राउड काढायचाच. नुसतं बाहेरून बघून सही नको. मफलरवर करडे किंवा काजळीचे ओघळ दिसले की तिथे गळती. टोकातून टॉर्च आणि आरसा घालून आतले बॅफल (आडवे पत्रे) तुटलेत का बघा, तुटका तुकडा तोंडाशी अडकला तर पॉवरही जाते. मग टेलपाइप बंद करून सुमारे २ पीएसआय दाबाने स्वच्छ हवा भरायची आणि वेल्डवर साबणाचं पाणी. जोडांवर थोडे बुडबुडे चालतात, मफलरच्या अंगावर एकही चालत नाही. खूण करायला साधी शिसपेन्सिल वापरायची नाही आणि जस्ताचा मुलामा असलेली हत्यारं लावायची नाहीत. तापल्यावर कार्बन किंवा जस्त धातूत शिरतं आणि पुढची चीर नेमकी त्याच रेषेवर.

आपल्याकडे खरी मेख वेगळी आहे. नॉब वर्षातून फार कमी वेळा ओढला जातो, म्हणून गळती कुणाच्या लक्षातच येत नाही. झडप बंद असली तरी ती हवाबंद नसते.

सोल्डर_आणि_सर्किट (खारघर)

वासावरून कळत नाही का?

फायरवॉल (कोपरी)

कार्बन मोनॉक्साइडला वास नाही. धुराचा वास आला तर समजा तो आलाय, न आल्यास काहीच समजू नका. डोकं जड, मळमळ, साधी बेरीज चुकणं ही लक्षणं. २०१९ च्या जानेवारीत फुटबॉलपटू एमिलियानो साला ज्या पायपर मालिबूत होता ते इंग्लिश खाडीत कोसळलं. ब्रिटिश तपासात त्याच्या रक्तात कार्बोक्सिहिमोग्लोबिन (कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेलं हिमोग्लोबिन) ५८ टक्के आढळलं.

संशय आला की हीट बंद, ताज्या हवेचे सगळे व्हेंट आणि खिडकी उघडी, ऑक्सिजन असेल तर तो, आणि जवळच्या धावपट्टीवर उतरायचं. उतरल्यावर बरं वाटतंय म्हणून परत उडायचं नाही. साध्या हवेत रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात.

घोडबंदर_नाका

घरगुती सीओ (कार्बन मोनॉक्साइड) अलार्म चालेल? सहज मिळतो.

सोल्डर_आणि_सर्किट (खारघर)

हे माझ्या वाट्याचं. चालणार नाही. घरगुती अलार्मच्या यूएल या अमेरिकी सुरक्षा मानकात ७० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ७०) तो तासाभराने ते चार तासांनी वाजायला सांगितलंय, १५० ला १० ते ५० मिनिटांनी. विमानाच्या प्रमाणनात केबिनची मर्यादा २० हजारात १ भाग, म्हणजे ५० पीपीएम. घरच्या अलार्मची वाट बघत बसलात तर लँडिंगही उरकेल. आकडा दाखवणारा इलेक्ट्रॉनिक घ्या, ज्याचा इशारा कमी पातळीला आणि लगेच येतो. रंग बदलणारी चिकट कार्डं पाकीट फोडल्यावर काही आठवड्यांतच निकामी होतात. फोडल्याची तारीख त्यावरच लिहा. उन्हात तापलेल्या पॅनलवर तर ती आधीच मरतात.

मोजताना चार अवस्था घ्या: सगळं बंद, फक्त हीट, फक्त व्हेंट, आणि नाक वर करून हळू चढताना. चौथी लोक विसरतात. नाक वर असलं की धूर पोटाखालून दाराच्या आणि शेपटीच्या फटींतून आत ओढला जातो, तिथे मफलर निर्दोष असूनही आकडा चढतो. मग फायरवॉलच्या तारांचे रबरी ग्रोमेट आणि दाराचं सील बघायचं. जमिनीवर वारा मागून असेल तर आकडा उगाच वाढतो, नाक वाऱ्याकडे करून पुन्हा मोजा.

तांत्रिक_तात्या (डोंबिवली)

ठाणे-नवी मुंबईच्या धाग्यावर डोंबिवलीकर आला, सांभाळून घ्या.

दोन इंजिनांच्या विमानांचं राहिलं. सेनेका, बॅरन यांच्या नाकात इंजिन नाही, त्यामुळे तिथे पेट्रोलवर जळणारा वेगळा हीटर असतो. टाकीतलंच विमानाचं पेट्रोल, म्हणजे अ‍ॅव्हगॅस, तासाला साधारण अर्धा गॅलन. बंद नळीत ज्योत, बाहेरून केबिनची हवा. बंद करताना स्विच थेट ऑफ नाही. आधी फॅनवर, हवेचा लिव्हर पूर्ण उघडा, किमान दोन मिनिटं. नाहीतर आतली उष्णता अडकून ओव्हरहीट स्विच उडतो, आणि तो हवेत रीसेट होत नाही, जमिनीवर नाक उघडूनच. जळणाऱ्या नळीची प्रेशर डिके टेस्ट (दाब टिकतो का ही तपासणी) हीटरच्या १०० तासांनी किंवा २ वर्षांनी, जे आधी येईल ते. आपल्याकडे तास भरतच नाहीत, वर्षं भरतात.

आणि गोंदियासारख्या ठिकाणी डायमंड विमानं आहेत. त्यांतल्या डीए४० एनजी आणि डीए४२ च्या डिझेल इंजिनांत कूलंट फिरतो, केबिन गाडीसारखीच कूलंटवर तापते. तिथे गळती झाली तर गोडसर वास आणि काचेवर चिकट वाफ, निदान दिसते तरी.

कळवा_फास्ट

म्हणजे ज्यांना हीटर लागत नाही त्यांचा हीटर सगळ्यात धोक्याचा. मुंबईकराच्या स्वेटरसारखं, कपाटातच कसर लागते.

खाडीपल्याड (ऐरोली)

मग 'काढावा का' हा प्रश्न बाजूला ठेवून दुसरा विचारतो. एखाद्या मालकाने ठरवलं की उन्हाळाभर हीट वापरायचीच नाही, तर स्कॅट होज काढून झडपेचं तोंड बंद करून ठेवावं का? निदान गळती तरी आत येणार नाही.

फायरवॉल (कोपरी)

नाही. श्राउडमधून हवा वाहिली नाही तर मफलर त्या जागी जास्त तापतो आणि जी चीर टाळायची तीच लवकर येते. होज तिथेच राहू द्या, हवा काउलिंगमध्ये सुटू द्या.

उलट महिन्यातून एकदा नॉब दोन-तीनदा पूर्ण ओढून ढकला. मुख्य दुखणं केबलचं. ती झडपेच्या हाताला स्क्रूने पकडलेली असते, स्क्रू सैल झाला की नॉब आत जातो आणि झडप अर्धी उघडीच राहते. पॅनलवरून कळत नाही. काउलिंग उघडून, एकाने नॉब हलवायचा आणि दुसऱ्याने झडप बघायची. होज बदलायची वेळ आली तर मफलरच्या बाजूला काळी निओप्रीन कॅट होज चालणार नाही, ती दीडशे अंशांच्या आसपासच दम सोडते. नारिंगी सिलिकॉनची स्कॅटच हवी, ती सुमारे २६० पर्यंत टिकते. क्लॅम्प इतका आवळू नका की आतली तार होज फाडून बाहेर येईल.

घोडबंदर_नाका

वाचनखूण साठवली. कॅट आणि स्कॅट शेजारी ठेवल्या तर रंगाशिवाय ओळखायची खूण काय? धुळीने दोन्ही एकाच रंगाच्या होतात.

फायरवॉल (कोपरी)

रंगावर जाऊच नका. पार्ट नंबर आणि सोबतचा रिलीज कागद (भाग विमानात वापरण्याजोगा असल्याचा दाखला) बघा. कागद नसेल तर होज दुकानदाराला परत.